माहेरचं आडनाव लेकीचं नाव म्हणून ठेवता येतं का?

आज बाळाच्या नावाबद्दल बोलायचं आहे. विषय गोड वाटतो, पण ज्या प्रश्नावरून तो निघाला तो प्रश्न तितका हलका नाही. डोंबिवलीत राहणाऱ्या एका बाळंतिणीचा तो प्रश्न आहे. तिचं माहेर मुरबाडकडचं. त्या तिघी बहिणी, भाऊ नाही. तिघींची लग्नं झाली, तिघींची आडनावं बदलली. आता वडिलांनंतर ते आडनाव त्यांच्या घरात कुणीच लावणार नाही. तिला पहिली मुलगी झाली आहे आणि तिच्या मनात आलं आहे की माझं माहेरचं आडनाव हेच माझ्या लेकीचं नाव ठेवावं. सासरचे म्हणतात, लोक हसतील, आडनाव कुणी नाव म्हणून ठेवतं का? तिला विचारायचं आहे, असं चालतं का.

तिचं आडनाव आम्ही इथं सांगत नाही. समजायला सोपं जावं म्हणून आपण केणी हे आडनाव घेऊ. ठाणे-रायगडकडे हे आडनाव आहे, आणि खरं सांगायचं तर ते कानाला मुलीच्या नावासारखंच लागतं. सासरचं आडनाव धरू पाटील. म्हणजे मुलगी होणार केणी पाटील.

आधी सरळ उत्तर. हो, चालतं. आपल्या देशात मुलांची कुठली नावं ठेवावीत याची सरकारी यादी नाही. सगळीकडे असं नसतं. आइसलँड नावाच्या छोट्या देशात नवीन नाव ठेवायचं तर एक समिती ते तपासते. जर्मनीत जन्मनोंदणीचा अधिकारी आडनावासारखं वाटणारं नाव नाकारू शकतो. आपल्याकडे आईवडिलांनी जे नाव लिहून दिलं ते नोंदलं जातं. तेव्हा सासूबाईंना आणि मामंजींना एवढं नक्की सांगता येईल की यात कायद्याचा अडथळा काही नाही.

पण कायद्यानं चालतं आणि लेकीला पेलतं यांत फरक आहे. म्हणून जरा सावकाश बोलू.

आपल्याकडे आडनाव ही काय चीज आहे ते आधी बघा. कुणाचं गावावरून आलं, जसं बदलापूरकर, कल्याणकर. कुणाचं कामावरून किंवा हुद्द्यावरून, जसं सुतार, कुलकर्णी, पाटील. कुणाचं कुठल्याशा पूर्वजाच्या सवयीवरून, नाहीतर गावानं ठेवलेल्या टोपणनावावरून. एकबोटे, सहस्रबुद्धे, दहातोंडे ही आडनावं ऐकली की मूळ माणूस कसा असेल याची गंमत वाटते. वाट कुठलीही असो, ते आलं ते बापाकडून मुलाकडे. बाईकडे ते नेहमी कुणाची तरी म्हणून आलं, आधी बापाची, मग नवऱ्याची. आपली बोलीच बघा ना. पाटलाची बायको पाटलीणबाई, जोशांची जोशीणबाई. आडनावाला आपण बाईचं रूप दिलं तेसुद्धा बायको या अर्थानं. पाटलाच्या लेकीला कुणी पाटलीण म्हणत नाही.

म्हणून माहेरचं आडनाव लेकीच्या नावात आणायचं, ही कल्पना वरवर विचित्र वाटली तरी तिच्यात एक उलटी चाल आहे. जे नेहमी बापाकडून आलं ते इथं आईकडून येणार आहे. आम्हांला ही इच्छा रास्त वाटते. तिच्यावर हसण्यासारखं काही नाही.

आणि असं करणारी ती जगातली पहिलीही नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत आईचं माहेरचं आडनाव मुलाला किंवा मुलीला पहिलं नाव म्हणून द्यायची जुनी रीत आहे. कारण तेच, आईचं घराणं कुठंतरी बोललं जावं. तिकडे मुलींची कितीतरी नावं मुळात आडनावंच आहेत. मॅडिसन हे त्यांच्या एका जुन्या राष्ट्राध्यक्षांचं आडनाव. १९८४ साली एक सिनेमा आला, स्प्लॅश. त्यातली जलपरी रस्त्यावरची पाटी वाचून ते नाव स्वतःला घेते, आणि नायक म्हणतो की हे काही नाव नव्हे. पुढं वीस वर्षांच्या आत ते तिथल्या मुलींच्या सर्वांत आवडत्या नावांत जाऊन बसलं. गंमत अशी की मॅडिसनचा मूळ अर्थ अमक्याचा मुलगा असा आहे.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं वाटेल. शर्ली. वसईकडच्या ख्रिस्ती घरांत हे नाव ऐकायला मिळतं. इंग्लंडात हे आधी गावाचं नाव, त्यावरून आडनाव, आणि क्वचित पुरुषाचं नाव होतं. १८४९ साली शार्लट ब्राँटी या लेखिकेची शर्ली नावाची कादंबरी आली. तिच्यातल्या आईबापांना मुलगा हवा होता. मुलगी झाली, तेव्हा मुलासाठी मनात धरलेलं घराण्याचं नाव त्यांनी मुलीलाच दिलं. कादंबरी गाजली आणि नाव हळूहळू मुलींचं झालं, इतकं की आज शर्ली नावाचा पुरुष म्हटलं तर लोक चमकतील.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगितली. मुलगा हवा होता म्हणून मुलीला दिलेलं नाव, हे आपल्याकडेही आहे, आणि त्याचं सर्वांत कडू रूप म्हणजे नकुशी. सातारा जिल्ह्यात अशा नावाच्या मुली शोधून २२ ऑक्टोबर २०११ रोजी २८५ मुलींना समारंभानं नवीन नावं दिली गेली. नको असलेली, असं हाक मारताना रोज ऐकत त्या मोठ्या होत होत्या. तेव्हा मुलीला अवघड किंवा वेगळं नाव देताना आपण स्वतःला एकदा विचारावं, हे नाव मी तिला देते आहे की तिच्यावर ठेवते आहे? भाऊ नाही म्हणून आडनाव बुडालं, या दुःखाचं ओझं लेकीच्या नावात गेलं तर ती जन्मापासून कुणाची तरी जागा भरत राहील. तेच आडनाव आजोळच्या मायेनं आलं तर गोष्ट वेगळी. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक आईलाच ठाऊक असतो.

आता ज्यांना वाटतं की बाईचं आडनाव गेलं तरी नाव तर तिचंच राहतं, त्यांच्यासाठी आपल्या कल्याणचीच गोष्ट. कल्याणच्या जोशी घराण्यात १८६५ साली जन्मलेली यमुना. नवव्या वर्षी तिचं लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झालं. माहेरचं आडनाव जोशी, सासरचंही जोशी, म्हणजे आडनाव तसंच राहिलं. बदललं ते नाव. यमुनाची आनंदी झाली, आणि त्याच नावानं ती अमेरिकेत जाऊन ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाली. डॉ. आनंदीबाई जोशी. पुढच्याच फेब्रुवारीत, बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, ती पुण्यात वारली. तिची रक्षा अमेरिकेत पकिप्सी गावी ज्या दगडाखाली आहे, त्यावर आनंदी हेच नाव आहे. रमाबाई रानडेही माहेरी यमुनाच होत्या, यमुना कुर्लेकर. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायची रीत आपण सगळ्यांनी पाहिली आहे, काहींनी भोगली आहे. शंभर-सव्वाशे वर्षं आपल्या बायकांचं नावही पक्कं नव्हतं आणि आडनावही. मग लेकीला दिलेलं नाव पुढं टिकेल की नाही याची काळजी वाटणं साहजिक आहे. आज मात्र एक गोष्ट बदलली आहे. जन्माचा दाखला, आधार, शाळेचा दाखला, बँकेचं खातं असे सगळे कागद एका नावानं बांधलेले असतात. ताटात नाव लिहिलं म्हणून ते कागद बदलत नाहीत. लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कायदाही नाही.

हेच कागद मग आडनावासारख्या नावाला नडतात. आम्हांला खरी अडचण इथं दिसते, लोकांच्या हसण्यात नाही. लोक चार दिवस हसतात आणि पाचव्या दिवशी हाक मारू लागतात.

बघा, दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात. पाटील केणी असं छापलं तर वाचणाऱ्याला वाटणार की दोन आडनावं आली आणि मुलीचं नाव राहूनच गेलं. पासपोर्टमध्ये नाव वेगळ्या रकान्यात आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. पॅनकार्डाच्या अर्जातही तसंच. आधारवर मात्र पूर्ण नाव एका ओळीत. अर्ज भरून देणारा पोरगा घाईत असतो. त्याला केणी हे आडनाव म्हणून ओळखीचं, तो ते आडनावाच्या रकान्यात टाकणार आणि पाटील नावाच्या रकान्यात. एका कागदावर केणी पाटील, दुसऱ्यावर पाटील केणी. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? लेक लाडकी योजना घ्या. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला, घरचं रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर, जन्मापासून अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत टप्प्याटप्प्यानं मिळून १ लाख १ हजार रुपये मिळतात. जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि अठराव्या वर्षी ७५ हजार. अठरा वर्षांत किती वेळा कागद जुळवावे लागणार ते मोजा. नाव पुढंमागं झालं की फेरा पडतो, आणि तो फेरा आईच्या नाहीतर त्या मुलीच्या पायांनाच पडतो.

दुसरी गोष्ट कानाची. डोंबिवली, कल्याण, ठाण्याच्या शाळांत एका बाकावर मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ बोलणारी मुलं बसतात. आपल्या आडनावाचा दुसऱ्या भाषेत काय आवाज होतो ते आधी ऐकून घ्यावं. पालघर-वसईकडे चुरी हे चांगलं नावाजलेलं आडनाव आहे, पण हिंदी बोलणाऱ्या मुलाला त्यात सुरी ऐकू येईल. केणीचं इंग्रजीत केनी होईल, आणि ते तिकडे मुलाचं नाव आहे. म्हात्रे, भोईर, मढवी ही आडनावं आपल्या भागात इतकी आहेत की वर्गात बाईंनी म्हात्रे म्हटलं की चौघं उभी राहतील आणि आपली मुलगी पाचवी. आडनावानं हाक मारायची आपली तऱ्हाही जरा करडी असते. कारखान्यात, पोलीस ठाण्यात, कार्यालयात आडनावानं बोलावतात. घरात पाळण्यापाशी वाकून भोईर, दूध पितेस का, असं एकदा म्हणून बघा. जीभ अडखळली नाही तर नाव चालेल.

तिसरी गोष्ट आम्ही दबकत नाही, उघड बोलतो. आपल्या आडनावात जात दिसते. नावात सहसा दिसत नाही. निव्वळ आडनावामुळे घर भाड्यानं मिळालं नाही, नोकरीच्या मुलाखतीत नजर बदलली, हे अनुभव आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या घरी आहेत. अशा छळामुळे कितीतरी कुटुंबांनी गावावरून नवीन आडनाव घेतलं. शाळेच्या रजिस्टराची ताकद तर सर्वांना माहीत असलेल्या एका नावात दिसते. सकपाळ घराण्यातल्या मुलाचं आडनाव गावावरून आंबडवेकर असं लागलं आणि पुढं आंबेडकर झालं. तेव्हा मुलीच्या नावातही आडनाव आणि आडनावातही आडनाव असं झालं, तर ती जिथं जाईल तिथं दोन-दोन घराण्यांची पाटी आधी वाचली जाणार. काहींना त्याचा अभिमान वाटेल. तो वाटायला हरकत नाही. पण पाटी गळ्यात लेकीच्या असणार, हे धरून चाला.

मग माहेरचं काही राहायचंच नाही का? राहायचं, आणि आता त्याला एक चांगली सरकारी वाट आहे. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव कागदोपत्री या क्रमानं लिहायचं: आधी मुलाचं किंवा मुलीचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. शाळेचे कागद, परीक्षेचे अर्ज, रेशनकार्ड, नोकरीची सेवापुस्तिका, सगळीकडे. आतापर्यंत आईचं नाव कुठंतरी खालच्या वेगळ्या रकान्यात असायचं, आता ते लेकीच्या नावाला लागून आलं आहे. यात आईचं नाव आलं, आईचं माहेरचं आडनाव नाही आलं, हे खरं. स्पेनमध्ये मुलांना दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं, तसं आपल्याकडे अजून रुळलेलं नाही. तरी आम्हांला वाटतं की आडनावापेक्षा आईचं नाव येणं मोठं आहे. माहेरचं आडनाव म्हणजे शेवटी आजोबांचंच. आईचं नाव मात्र आईचं.

ज्यांना आजोळ आणखी जवळ हवं त्यांनी आडनावाच्या शेजारी शोधावं. माहेरच्या गावची देवी, माहेरची नदी. गंगा, यमुना, गोदावरी अशी नद्यांची नावं आपण मुलींना देतच आलो. कल्याणजवळ तिसगावची तिसाई आहे, आगरी-कोळ्यांची एकवीरा आहे. आजीचं नाव आहे, ते तर बहुतेक घरांत कुणी आठवतसुद्धा नाही. आणि पाळण्यात एकच नाव ठेवायचं असंही कुठं आहे? आत्या कानात कुर्र करून चार नावं घेते. एक राशीचं, एक देवाचं, एक लाडाचं, एक कागदावरचं. माहेरचं आडनाव या चारांत घालून घरात त्याच नावानं हाक मारा. केणी म्हणून ती ओट्यावर धावत येईल आणि कागदावर दुसरं नाव असेल. नाव तिच्या तोंडात इतकं बसलं की तेच कागदावर हवं, असं तिलाच वाटलं तर ती अठरा वर्षांची झाल्यावर राजपत्रात जाहिरात देऊन ते घेऊ शकेल.

एवढं सगळं ऐकूनही जिला आडनावच ठेवायचं असेल तिनं ते जरूर ठेवावं. आडनाव छोटं असेल, दोन अक्षरी, उच्चाराला सोपं, आणि सासरच्या आडनावाशी घोटाळा होणार नाही असं असेल, तर ते छान नाव होतं. भारती हे आडनावही आहे आणि मुलीचं नावही, आणि ते ऐकून आपल्याला कधी काही वेगळं वाटलं नाही.

आता नोंदणीचं नीट ऐका, कारण इथली घाई पुढं फार छळते.

जन्माची नोंद बाळ जिथं जन्मलं तिथं होते, तुम्ही राहता तिथं नाही. शहापूर-मुरबाडकडची बाई कल्याणच्या दवाखान्यात बाळंत झाली तर नोंद कल्याण-डोंबिवली महापालिकेत. ठाण्यात झाली तर ठाणे महापालिकेत. डोंबिवलीची सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि गावात बाळंत झाली, तर नोंद माहेरच्या ग्रामपंचायतीत. पहिलटकरणीच्या लेकीच्या जन्मदाखल्यावर आईच्या माहेरचं गाव आपोआप येतं, हा आपल्या जुन्या रीतीचा एक फायदाच म्हणायचा.

जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची, त्याला पैसे पडत नाहीत. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ही खबर दवाखाना देतो. पण जन्माची नोंद वेगळी आणि नावाची नोंद वेगळी, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. दवाखान्यात फॉर्म भरताना नाव काय लिहू असं विचारतात आणि कुणीतरी काका पटकन सुचेल ते सांगून मोकळे होतात. तसं करू नका. नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. नाव भरायला जन्माच्या नोंदीपासून १२ महिने मिळतात, तेही विनाशुल्क. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं, पण तितकं थांबू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. बारसं करा, घरात सहा महिने हाक मारून बघा, मग नाव नोंदवा. एकदा नोंदलेलं नाव मन बदललं म्हणून बदलत नाहीत, फक्त लिहिण्यातली चूक दुरुस्त होते.

नाव नोंदवायला जाताना आईवडिलांचा अर्ज, दोघांची ओळखपत्रं आणि असलेल्या दाखल्याची प्रत न्यावी. नाव मराठीत आणि इंग्रजीत मोठ्या, सुट्या अक्षरांत घरूनच कागदावर लिहून न्यावं, खिडकीवर तोंडी सांगू नये. आडनावासारखं नाव असेल तर त्या कागदावर, हे मुलीचं नाव आहे, आडनाव पुढे आहे, असं स्पष्ट लिहावं. आणि आईनं स्वतःचं नाव तपासावं. दवाखान्यात माहेरच्या नावानं केसपेपर काढला आणि आधारवर सासरचं नाव असलं तर लेकीच्या दाखल्यावर आईच चुकीची लागते. ते नीट करायचं असेल तर दाखल्याचा पहिला कागद हातात पडेल त्याच दिवशी, खिडकीपाशी उभं असतानाच वाचून करावं.